अंग मोडून जातं, तरी डोळा का लागत नाही?

पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी एक आई मागे थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा पहिल्या तासालाच बाकावर डोकं टेकून झोपतो, म्हणून आम्हीच त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "टीचर, त्याला काय रागवू? रात्री एक-दीडपर्यंत मीच जागी असते. एकच खोली. माझी चुळबुळ चालू असली की त्याचीही झोप मोडते."

आमचं गाव मागांचं. या बाई सकाळी फजरला उठतात, डबे करतात, दिवसभर कांड्या भरतात, आजारी सासूबाईंचं सगळं बघतात. मुलाचे अब्बा एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी करतात. बाई रात्री दहाला आडव्या होतात तेव्हा पाठ, पिंढऱ्या, खांदे सगळं ठणकत असतं. पण झोप? ती काही येत नाही. वरून सासूबाई म्हणतात, "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा." म्हणजे खरंच दमलेल्या माणसाला दगडावरही झोप लागते, तुला लागत नाही, याचा अर्थ तू दमतच नाहीस.

निघताना त्यांनी हळूच सांगितलं की शेजारणीच्या डॉक्टरांनी तिला लिहून दिलेली झोपेची गोळी आता त्याही अधूनमधून अर्धी घेतात. तेव्हा मात्र आम्हाला वाटलं की या विषयावर सविस्तर लिहायला हवं. कारण ही तक्रार एकट्या त्यांची नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ती रोज ऐकू येते.

आधी त्या म्हणीबद्दल. म्हण खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत: दमणं आणि पेंगणं. उर्दूतही थकन वेगळी आणि ऊंघ वेगळी. दमलेल्या माणसाचे स्नायू विश्रांती मागतात. पेंगणाऱ्या माणसाच्या पापण्या जड होतात, मान खाली जाते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. दोन्ही बहुतेक वेळा एकत्र येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण माणूस दमलेला असून पेंगत नसेल, असं होऊ शकतं आणि पुष्कळदा होतं. झोप लागते ती पेंगण्यातून, दमण्यातून नाही.

मग पेंग कशी येते? 1982 साली झुरिकमधले शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी याचं एक साधं चित्र मांडलं, ते आजही झोपेच्या शास्त्राचा पाया मानलं जातं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, जागेपणी साचत जाणारा झोपेचा दाब. दोन, शरीराचं घड्याळ.

दाबाचं उदाहरण कुकरचं घ्या. सकाळी उठल्यापासून मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. जितके तास जागे, तितकी वाफ जास्त. झोपलो की वाफ निघून जाते. इथे हिशोब मुख्यतः जागेपणाच्या तासांचा आहे, किती ओझी उचलली याचा नाही. आता संध्याकाळी आठ वाजता कामावरून येऊन टीव्हीसमोर बसल्या बसल्या अर्धा-पाऊण तास डुलकी लागली, तर काय होईल? शिट्टी वर उचलल्यासारखं होईल. वाफ गेली. दहाला अंथरुणावर पडल्यावर अंग दुखतंय, पण कुकर थंड. आमच्या त्या बाईंचं नेमकं हेच होत होतं. मगरिबनंतर मुलाला अभ्यासाला बसवून त्या भिंतीला टेकत, आणि तिथेच त्यांचा डोळा लागे.

आम्ही काही आलिम नाही, पण इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा करत बसणं नबी करीम (स.) यांना पसंत नव्हतं, असं बुखारी शरीफमध्ये आलं आहे. शास्त्राच्या दाखल्याची त्याला गरज नाही. पण ज्यांना रात्री झोप येत नाही, त्यांनी आपला मगरिब ते इशाचा वेळ आणि इशानंतरचा वेळ कसा जातो, हे एकदा तपासून बघावं. असरनंतर पडलं की घरातले बुजुर्ग उठवायचे, तेही आठवत असेल. दुपारचा कैलुला वेगळा. जोहरच्या सुमाराला वीस-पंचवीस मिनिटांची झोप बहुतेकांना नडत नाही. दोन तासांची नडते.

चहाचं कामही या वाफेशीच जोडलेलं आहे. चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनची जागा अडवतं. वाफ साचलेलीच असते, फक्त मेंदूला शिट्टी ऐकू येत नाही. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि गरोदरपणी तर बरेच जास्त. रात्री दहाला पाळीवरून आलेल्या माणसासोबत "घोटभर" घेतलेला चहा मध्यरात्रीनंतरही अंगात असतो. "मला चहा पिऊनही झोप लागते" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना लागत असेल, अल्हम्दुलिल्लाह. ज्यांना लागत नाही त्यांनी शेवटचा चहा असरच्या वेळी घ्यावा आणि दोन आठवडे फरक बघावा.

आता घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, काही हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो दिवस-रात्रीची वेळ पाळतो. त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून. सकाळचा उजेड त्याला पुढच्या रात्री लवकर झोपवतो, रात्रीचा झगझगीत उजेड उशिरा. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढू लागतं, शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरतं आणि झोपेचं दार उघडतं. गंमत अशी की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे घड्याळ माणसाला सर्वांत जास्त जागं ठेवतं. दिवसभर साचलेल्या दाबाला तोंड देण्यासाठी ती त्याची शेवटची धडपड असते. म्हणून रोज बाराला झोपणारा माणूस "आज फार दमलोय" म्हणून साडेनऊला आडवा झाला, तर तो नेमका बंद दारावर धडका देत बसतो.

रमजानमध्ये हा अनुभव घराघरात येतो. सहरीला उठलेलो, दिवसभर रोजा, तरावीह झालेली, पाय उभं राहून भरून आलेले. तरी घरी येऊन पडलं की डोळे टक्क उघडे. कारण मशिदीतला लख्ख उजेड, उशिरा पोटात गेलेलं जड जेवण, इफ्तारनंतरचे दोन चहा, आणि जोहर ते असर काढलेली लांब झोप. चारही गोष्टी मिळून घड्याळ पुढे ढकलतात आणि वाफ कमी करतात. ईदनंतर शाळा सुरू झाली की पहिला आठवडा मुलं का पेंगतात, हे पालकांनी यावरून ओळखावं. सरकलेलं घड्याळ एका रात्रीत मागे येत नाही.

आणि हेच पाळीवाल्यांचं दुखणं. दर आठवड्याला पाळी बदलली, तर घड्याळ जुळेपर्यंत पुढची पाळी येते. रातपाळी करून सकाळी सातला घरी आलेला माणूस कितीही थकलेला असला तरी त्याचं घड्याळ त्या वेळी चढत असतं. त्याला घरच्यांनी "पडून राहा, झोप येईल" म्हणण्यापेक्षा खिडकीला जाड चादर लावावी, गाडीवर येताना काळा चष्मा घालायला सांगावं आणि दार वाजवणाऱ्यांना परतवावं. त्याचा फायदा जास्त.

इथपर्यंत दोन गोष्टी झाल्या. पण आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त त्रास देते ती तिसरीच गोष्ट: पहारा. धोका असला की शरीर जागं राहतं, हे अल्लाहने आपल्या भल्यासाठीच केलं आहे. वाघ आला तर झोप लागू नये. पण मेंदूला वाघ आणि फीची शेवटची तारीख यातला फरक नीट कळत नाही. दिवसभर हात कामात असतात, तेव्हा विचारांना जागा नसते. दिवा मालवला की ते सगळे रांगेत उभे राहतात: सासूबाईंच्या औषधाचे पैसे, वीजबिल, मुलीचं दहावीचं वर्ष, सकाळी कुणी काय बोललं ते. हृदय जरा जोरात चालतं, स्नायू सैल पडत नाहीत. अंग थकलेलं, पण पहारेकरी दारात उभा.

यात भर पडते ती झोपण्याच्या प्रयत्नाची. दोन-चार रात्री झोप लागली नाही की माणूस घाबरतो. लवकर आडवा होतो, डोळे घट्ट मिटतो, मोबाईलमध्ये वेळ बघतो, "आता झोपलो तर पाच तास मिळतील" असा हिशोब करतो. झोप ही ओढून आणायची गोष्ट नाही. ओढलं की पहारेकरी आणखी सावध होतो. काही आठवड्यांनी अंथरुणच जागं राहण्याची जागा होऊन बसतं. भिंतीला टेकून पेंगणारा माणूस उशीवर डोकं ठेवताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये यावर जो उपाय सांगितला, तो ऐकायला उलटा वाटतो: झोप येत नसेल तर अंथरुणात राहू नका. पेंग आल्यावरच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजच पुरे) की उठायचं, मंद उजेडात काहीतरी संथ करायचं, पापण्या जड झाल्या की परत यायचं. रात्रीत तीनदा उठावं लागलं तरी चालेल. आणि सकाळी उठण्याची वेळ रोज एकच. आपल्याकडे फजरमुळे ती बरीचशी ठरलेली असते, ही आपली मोठी सोय. अडचण येते ती फजरनंतर पुन्हा नऊपर्यंत झोपणाऱ्यांची. आधीचे काही दिवस दिवसा डोळे चुरचुरतात, पण वाफ साचते आणि रात्री कामाला येते.

बाईंनी लगेच विचारलं, "टीचर, एका खोलीत उठून जाऊ कुठे?" प्रश्न बरोबर होता. पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे दोन-तीन खोल्या असतात. आम्ही म्हटलं, ओट्याजवळ पाट टाका, छोटा दिवा लावा, तसबीह घ्या नाहीतर मेथी निवडा. अंथरूण सोडणं महत्त्वाचं, खोली नाही.

दुसरं म्हणजे वही. 2018 मध्ये बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी 57 तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं. ज्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, त्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही, पण वही दहा रुपयांची आहे. इशानंतर लिहायची, अंथरुणात नाही.

मात्र प्रत्येक जागरण सवयीचं नसतं. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, रात्री पायात मुंग्या चालल्यासारखं होऊन पाय हलवावेच लागत असतील, पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पायांच्या त्या तक्रारीमागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. थायरॉईड वाढलं तरी झोप उडते. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळातही तसंच. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला आजार म्हणूनच बघतात. शेजारणीची गोळी मात्र नको. अल्प्राझोलामसारखी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, ती उगाच नाही. त्यांची सवय लागते, आणि रोज घेणाऱ्याने ती अचानक बंद केली तरी धोका असतो. म्हणून सोडायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दीड महिन्याने बाई पुन्हा शाळेत आल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. लोहाच्या, झोपेच्या नव्हे. मगरिबनंतर आता त्या भिंतीला टेकत नाहीत, मुलाच्या शेजारी बसून धागे कापतात. रात्रीचा चहा अब्बांना एकट्याला मिळतो. साडेअकराला आडव्या होतात, बाराच्या आसपास झोप लागते. काही रात्री नाहीच लागत, तेव्हा ओट्याजवळ बसतात. सासूबाई विचारतात, "आता अंधारात काय करतेस?" मुलगा पहिल्या तासाला जागा असतो, फक्त रातपाळीच्या आठवड्यात अब्बा सकाळी आले की कडी वाजते, तेव्हा थोडा पेंगतो.