हिरवं पान छापलं म्हणून कचरा कमी होत नाही

बचत गटांच्या स्टॉलवर, सोसायटीतल्या दिवाळी प्रदर्शनात आणि इन्स्टाग्रामवरून चालणाऱ्या घरगुती उद्योगांकडे आता बांबूचे ब्रश, काथ्याच्या घासण्या, रिठ्याची पावडर, कापडी पॅड आणि कंपोस्टचे डबे सहज मिळतात. ही मनापासून आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वी यासाठी शोधाशोध करावी लागायची. पण वस्तूंबरोबर अर्धवट माहितीही पसरली आहे. त्यामुळे चांगल्या हेतूने खर्च करूनही घरातला कचरा तेवढाच राहतो. कुठलीही वस्तू घेताना दोन गोष्टी बघाव्यात : ती किती काळ वापरात राहणार आणि टाकल्यावर नेमकी कुठे जाणार. लेबलचा विचार त्यानंतर.

गैरसमज : ‘कंपोस्टेबल’ पिशवी कुठेही टाकली तरी तिची माती होते

या पिशव्या बहुधा स्टार्च आणि काही खास पॉलिमर मिसळून बनवतात. त्या कुजतात हे खरं आहे, पण त्याला अटी आहेत. ज्या मानकाखाली (आयएसओ 17088) त्यांची चाचणी होते, त्यात औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली परिस्थिती गृहीत धरलेली आहे. तिथे साधारण 58 अंश सेल्सियस उष्णता, भरपूर ओल आणि हवा दीर्घकाळ टिकवून ठेवतात. बाल्कनीतल्या बादलीत एवढी उष्णता टिकत नाही. नाल्यात किंवा रस्त्याकडेला तर प्रश्नच नाही. अशी पिशवी सुक्या कचऱ्यात गेली की दिसायला साध्या प्लास्टिकसारखीच असल्याने पुनर्वापराच्या मालात मिसळते आणि तो माल खराब करते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा घेतात आणि हाताने वेगळा करतात. दुधाची पिशवी वेगळी, कडक प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा. त्यावर त्यांची कमाई ठरते. दोन सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांतली एक कुजणारी आणि एक वितळवण्याजोगी हे त्यांनी हाताला लागल्यावर कसं ओळखायचं?

‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द याहून निसरडा आहे. काही पिशव्यांत अशी रसायनं घालतात की प्लास्टिकचे फक्त बारीक तुकडे होतात. ते तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, मातीत मात्र राहतात. म्हणूनच केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून, मागे सूक्ष्म प्लास्टिक न उरता जे विघटित होतं तेच ‘बायोडिग्रेडेबल’ असं स्पष्ट केलं. कंपोस्टेबल पिशवी घ्यायचीच असेल, तर तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे ना, ते पाहा. तसा क्रमांक नसेल तर ती परत ठेवा.

गैरसमज : दुकानात मिळते ती मऊ, रंगीत ‘कापडी’ पिशवी कापडाची असते

साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक ‘कापडी’ पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे चक्क प्लास्टिकच्या असतात. ओळखणं सोपं आहे. पिशवी उजेडासमोर धरा. उभ्या-आडव्या धाग्यांची वीण दिसत नाही. दाबून उमटवलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. कड फाटली तर धागा निघत नाही, कापसासारखे तंतू सुटतात. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकबंदी आणली, तेव्हा तिच्यात या पिशव्याही होत्या.

मग खरी सुती पिशवी घेतली की झालं? इथेही थोडं थांबावं लागतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवायला लागणारं पाणी, खत, वीज असं सगळं धरलं, तर हवामानावरचा परिणाम प्लास्टिकच्या पिशवीइतका खाली आणायला नवी सुती पिशवी किमान 52 वेळा वापरावी लागते. सगळ्या प्रकारचे परिणाम एकत्र घेतले तर हा आकडा 7,100 वर जातो. त्या हिशेबात उघड्यावर पडणारं प्लास्टिक, तुंबलेली गटारं आणि गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या धरलेल्या नव्हत्या, म्हणून तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यातून एक गोष्ट मात्र पटते. प्रत्येक प्रदर्शनातून नवी छापील पिशवी आणणं हा उपाय नाही. जुन्या साडीची, चादरीची, पडद्याची पिशवी शिवून घ्या. कापूस आधीच पिकून, विणून झालेला आहे. गल्लीतली शिवणकाम करणारी बाई ती तासाभरात शिवून देईल आणि पैसेही तिच्याच हातात जातील.

गैरसमज : कागदी कप म्हणजे कागद

कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की, अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. वर हा थर कागदाला चिकटलेला असल्याने भंगारवालाही हे कप घेत नाही. घरच्या कार्यक्रमाला स्टीलचे पेले काढा, कमी पडले तर भाड्याने आणा. भांडी भाड्याने देणारा माणूस आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात आहे. त्याच्या दुकानावर ‘इको-फ्रेंडली’ अशी पाटी नसते, पण एकदाच वापरून फेकायच्या शेकडो ताटल्या तो दर मोसमात वाचवतो. पळसाच्या पानांची पत्रावळ मिळाली तर उत्तमच. ती ओल्या कचऱ्यात कुजते. फक्त प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेली नको.

गैरसमज : बांबूचा ब्रश पूर्णपणे कुजतो

दांडा कुजतो. केस बहुतेक ब्रशांत नायलॉनचेच असतात. ब्रश टाकताना पकडीने केसांचे झुबके उपटायचे किंवा ब्रशाचं डोकं मोडून सुक्या कचऱ्यात टाकायचं, मग दांडा कुंडीत टाकला तरी चालतो. विकणाऱ्याने हे आपणहून सांगितलं, तर त्याला आपल्या मालाची जाण आहे असं खुशाल समजा.

गैरसमज : नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि सर्वगुणसंपन्न

लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायो-एंझाइम सध्या घराघरांत बनतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. बरणीत साधारण तीन महिने आंबवायचं. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू बाहेर सोडावा लागतो, नाहीतर बरणी फुटू शकते. काचेची बरणी तर मुळीच नको. तयार झालेलं पाणी आम्लधर्मी असतं. नळावरचे पांढरे डाग, बाथरूमच्या टाइल्स यांसाठी ते छान काम करतं. पण तुमचा ओटा कडाप्प्याचा असेल, जमीन शहाबादी फरशीची किंवा संगमरवरी असेल, तर तिथे ते वापरू नका. हे दगड चुनखडीच्या जातीचे आहेत; आम्लाने त्यांची चकाकी जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो. ग्रॅनाइटला त्याचं एवढं काही होत नाही. हे पाणी ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि घरात कुणी आजारी असेल तेव्हा जंतुनाशक म्हणून यावर विसंबू नका.

रिठ्याचं उलट आहे. त्याला लोक उगाच कमी लेखतात. फेस कमी येतो म्हणून भांडी निघत नाहीत असं वाटतं, पण तेलकटपणा काढतं ते रिठ्यातलं सॅपोनिन. फेसाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. बरोबर काथ्याची घासणी घ्या. हिरव्या-पिवळ्या स्क्रबरचे प्लास्टिकचे तंतू झिजून मोरीतून जातात. काथ्या झिजला तरी तो नारळाच्या सोडणाचाच भाग आहे. वापरून झाल्यावर तो पिळून वाळत ठेवा, म्हणजे कुबट वास येत नाही.

गैरसमज : हे सगळं महाग असतं, आपल्याला परवडत नाही

काही वस्तू खरंच महाग आहेत आणि त्या न घेतल्याने काही बिघडत नाही. पण एकेका वस्तूचा वर्षाचा हिशेब मांडला तर चित्र बदलतं. महिन्याला 12 सॅनिटरी पॅड धरले तर एका बाईचे वर्षाला 144 होतात. त्यांत प्लास्टिकचा भाग मोठा असतो आणि ते कुठेही नीट कुजत नाहीत. सिलिकॉनचा एक मेन्स्ट्रुअल कप नीट जपला तर दहा वर्षांपर्यंत चालतो.

कपाबद्दल भीतीही खूप आहे. 2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 43 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 3,300 स्त्रिया आणि मुली होत्या. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनइतकाच किंवा त्यांहून बरा ठरला आणि तो सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला. लग्न झालं आहे की नाही, याचा कप वापरण्याशी काही संबंध नाही. कॉपर-टी असेल किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कप नको वाटला तर बचत गटांनी शिवलेले कापडी पॅड आहेत. ते उन्हात कडकडीत वाळवायचे, संकोचाने कपड्यांखाली दडवून ओलसर ठेवायचे नाहीत. आणि ज्यांना बाजारचे पॅडच सोयीचे आहेत, त्यांनी ते कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत. पुण्यातल्या ‘रेड डॉट’ मोहिमेची मागणी एवढीच होती. कारण तो कचरा उघड्या हाताने वेगळा करावा लागणारी शेवटी एक बाईच असते.

गैरसमज : घरी कंपोस्ट केलं की वास आणि किडे

शहरी कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो, म्हणून इथे मेहनत घेण्यात सर्वांत जास्त अर्थ आहे. घाण वास येतो तो हवा न खेळल्याने आणि पाणी साचल्याने. बादलीला भोकं पाडा, प्रत्येक थरावर वाळका पालापाचोळा, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा टाका, सुरुवातीला मूठभर शेण किंवा आंबट ताक घाला. ओल्याइतकंच सुकं, एवढं सांभाळलं तर वास मातीसारखा येतो. जाडसर तपकिरी अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, कचरा झपाट्याने संपवतात.

गैरसमज : छोट्या उद्योगाची वस्तू म्हणजे पर्यावरणाला चांगलीच

माझं मत इथे स्पष्ट आहे. छोट्या उद्योगांकडून जरूर घ्यावं, पण आंधळेपणाने नको. हाताने बनवलेला साबण बबल रॅपमध्ये, त्यावर प्लास्टिकची टेप, वर मोठं खोकं, असा घरपोच आला तर त्या साबणाने कचरा वाढवलाच. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आणली. नुसतं ‘ग्रीन’, ‘इको’ म्हणून भागत नाही, दाव्याला पुरावा द्यावा लागतो. छोट्या विक्रेत्याचा मोठा फायदा असा की त्याला प्रश्न विचारता येतो आणि बनवणारा माणूसच उत्तर देतो. रिकामी बाटली परत घेऊन भरून देणं त्याला जमतं, मोठ्या कंपनीला सहसा जमत नाही.

आणि छोटा उद्योग म्हटलं की फक्त नवी वस्तू विकणारा का आठवावा? चप्पल शिवणारा, कुकरची शिट्टी बदलून देणारा, मिक्सर दुरुस्त करणारा, गादी पिंजून देणारा, जुन्या साड्यांची गोधडी शिवणारी बाई, यांचा धंदा वस्तूला कचऱ्यात जाऊ न देण्यावरच चालतो. घरातले चांगले प्लास्टिकचे डबे फेकून बांबूचे आणणं चुकीचं आहे. आहेत ते तुटेपर्यंत वापरा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर द्या; सुटलेला तो इवलासा तुकडा कुणीच उचलत नाही. पिशवी धुऊन वाळवून ठेवली तर ती भंगारात जाते.

येत्या मोसमात मुंबईत बचत गटांच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनाला किंवा तुमच्या गावातल्या बचत गटाच्या स्टॉलवर गेलात, तर घरून पिशवी आणि दोन रिकामे डबे घेऊन जा. पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा : ही कशाची आहे, संपल्यावर कुठे टाकू, आणि रिकामी बरणी परत घ्याल का? ज्याच्याकडे तिन्हींची नीट उत्तरं आहेत, त्याचंच गिऱ्हाईक व्हा, आणि शेजारणीलाही त्याचा पत्ता द्या.