तीन भिंतींची खोली

खोली वाढवायची म्हटलं की घरमालकाचा पहिला हिशेब ठरलेला असतो. एक भिंत आयती आहे, तीन बांधल्या की झालं. मी औसा-निलंगा भागात लहानसहान बांधकामं घेतो. नवं घर बांधायला बोलावणारे कमी, खोली काढणारेच जास्त. पोराचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर म्हाताऱ्यांना शेजारी संडास हवा असतो. मावशी अंगणात उभ्या राहून म्हणतात, "मिस्त्री, हाय की ही भिंत. तिलाच लावून घ्या की स्लॅब." माझा वाद तिथेच सुरू होतो.

आमच्याकडे वाढीव खोल्या इतक्या का, त्याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक झोपले होते. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. तेव्हा पाळण्यात असलेल्यांची पोरं आता शाळेत जातात. अडीचशे फुटांत दोन चुली कशा मांडणार? म्हणून कुणी पुढे पत्रे टाकले, तर कुणी जुन्या गावातले दगड ट्रॅक्टरने आणून मागे खोली काढली.

हे दगड पाहिले की मात्र मला धडकी भरते. दगड वाईट म्हणून नव्हे. जुन्या घरांची भिंत दोन-अडीच फूट रुंद असायची. आत एक थर, बाहेर एक थर, मधे माती आणि कपऱ्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाचा भार. हादरा बसला तेव्हा थर एकमेकांपासून सुटले आणि सगळं खाली आलं. ज्या घरांत माळवद लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती पडूनही काही ठिकाणी छप्पर उभं राहिलं. खांबाने जीव वाचवला, हे आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 2002 मध्ये नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. तरी जुन्या गावातला दगड तशाच मातीत परत रचलेला मी पाहतो.

आता तीन भिंतींच्या खोलीचं पाहा. जुन्या घराचा पाया तीस वर्षांत बसून बसून जागेवर आलेला असतो. नवा पाया पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बसणार, आणि तो किती बसेल ते जमीन ठरवते. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढी फाटते. स्लॅबची तीन टोकं नव्या भिंतींवर आणि एक जुन्या भिंतीवर असली, की तीन हलतात आणि एक हलत नाही. तडा जोडावरच जातो. तो नुसता दिसायला वाईट असता तर मी वाद घातला नसता. त्यातून पाणी शिरतं, सळी गंजते, आणि हादरा बसला तर नवी खोली जुन्या भिंतीला ओढते. त्या भिंतीवर मुळातच दुसऱ्याचा भार धरलेला नसतो.

म्हणून मी चौथी भिंत मागतो. दहा बाय बाराच्या खोलीला बारा फुटांची नऊइंची भिंत, दाराची जागा वजा जाता हजाराच्या आसपास विटा. खर्च वाढतो, आतली नऊ इंच जागाही जाते. जागा अगदीच नसेल तर चारही कोपऱ्यांवर कॉलम, वर बीम आणि जुन्या बाजूला अर्धी वीट. जुन्या आणि नव्या भिंतीत इंचभर, म्हणजे 25 मिलिमीटर, फट सोडायची. बांधताना मधे थर्मोकोलची शीट उभी धरतात, म्हणजे मसाला फटीत पडत नाही. मालक ही फट पाहून हमखास म्हणतो, "पैसे देऊन फट कशाला घ्यायची?"

पाया खणताना सगळ्यात जास्त काळजी लागते. जुन्या पायाला लागून लांबलचक चर खोदला आणि तो जुन्या पायाच्या खाली गेला, तर जुनं घर एका रात्रीत कलू शकतं. मी आधी एका कोपऱ्यात हातभर खड्डा काढून जुना पाया किती खोल आहे ते पाहतो. नवा पाया त्याच पातळीवर ठेवायचा आणि चर चार-चार फुटांच्या तुकड्यांत खणायचा. एक तुकडा भरला की पुढचा. माती संपून मुरूम लागला तर बरं. काळी माती खोलवर असेल तर कॉलम जुन्या भिंतीपासून मागे घ्यावा, नाहीतर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खुंट घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले आहेत. जोत्यात काळी माती भरू नये, हे सांगूनही ऐकत नाहीत, कारण खणलेली माती फुकट समोर पडलेली असते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोकला तरच फरशी पुढे खचत नाही.

जोत्याची पातळी मी अजून पारदर्शक नळीने काढतो. एक टोक जुन्या उंबऱ्याशी गड्याच्या हातात, दुसरं माझ्या हातात. नळीत बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं, म्हणून आधी नळी झटकून तो वर काढायचा. पाणी थांबलं की पेन्सिलने खूण. अर्धा सूत चुकला तरी उंबऱ्याशी पायाला कळतं आणि लादी पुसताना पाणी एका बाजूला साचतं.

दार कुठे पाडायचं? जुनी खिडकी असेल तिथेच. वर लिंटेल आधीच असतं, खालची भिंत काढली की दार तयार. पण ती खिडकी गेली म्हणजे जुन्या खोलीचा उजेडही गेला. वाढीव खोल्यांच्या घरात मधली खोली भर दुपारी दिवा लावून बसलेली असते, आणि बहुधा तेच स्वयंपाकघर असतं. म्हणून मी खोली भिंतभर न लावता थोडी सरकवून एक खिडकी मोकळी ठेवायला सांगतो. जमलं तर छोटासा चौकही. दोन भिंतींमुळे दाराची जाडी दीड फुटाची होते. बायका तिथे एका बाजूला फळी मारून पाण्याचे तांबे ठेवतात. माझ्या कल्पनेतलं नव्हतं ते, पण छान दिसतं.

भिंतींना जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा हवा, चारही बाजूंनी सलग. किमान तीन इंच जाड, आत दोन अडीचसुती सळ्या. कोपऱ्यात सळी तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. मी कोपऱ्यापाशी उभा राहूनच हे काम करून घेतो. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब असावी.

सगळ्यात जास्त हयगय होते ती पाणी मारण्यात. पोझोलाना सिमेंटला निदान दहा दिवस ओल लागते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा स्लॅबवर पाणी कुणी साठवायचं? उन्हाळ्यात काम काढलंच तर स्लॅबवर मातीची आळी करून गोणपाट पसरा आणि ते ओलं ठेवा. नाहीतर सरळ पावसाळ्यानंतर काढा. स्लॅबच्या टेकूंना निदान आठवडाभर हात लावू नका. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटसाठी फळ्या मागायला येतोच. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि खोली झाल्यावर नमुना 8 ला नोंद करून घ्या. भावकीत वाटणी निघते तेव्हा तो कागद कामाला येतो.

राहिली ती फट. वर दोन्ही स्लॅबच्या कडेला चार इंचांची विटांची पाळ उचलायची आणि तिच्यावर पत्र्याची टोपी बसवायची, पण एकाच बाजूला खिळून. दुसरी बाजू सुटी हवी. आतून ॲल्युमिनियमची पट्टी, तीही एकाच भिंतीला. आणि दिवाळीत रंगारी येईल तेव्हा घरात कुणीतरी थांबा. त्याला फट दिसली की तो पुट्टी भरतोच.