दीड टनाचा रेटा, केसभर फट

१८४७ साली सॅम्युएल कोल्टने अमेरिकी सैन्यासाठी एक रिव्हॉल्व्हर बनवलं. टेक्सास रेंजर्सच्या सॅम्युएल वॉकरवरून त्याला ‘कोल्ट वॉकर’ हे नाव पडलं. वजन दोन किलो, नळी नऊ इंच. कमरेला लावलं तर चालणं मुश्किल, म्हणून स्वार ते घोड्याच्या खोगिराला अडकवत. एकूण १,१०० नग तयार झाले: १,००० लष्करासाठी, १०० बाजारासाठी. त्यात इतकी काळी दारू ठासली जाई की त्या काळच्या धातूला ती झेपत नसे आणि पुष्कळांचे सिलिंडर फुटले. तरीही कारखान्यातून आलेलं सर्वांत ताकदवान रिव्हॉल्व्हर हा मान वॉकरकडे तब्बल ८८ वर्षं टिकला.

१९३५ मध्ये तो मान गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या ‘स्मिथ अँड वेसन’ने .३५७ मॅग्नम बाजारात आणलं. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे वॉकरपेक्षा पाऊण किलो कमी. त्याचं काडतूस नव्याने शोधलेलं नव्हतं. पोलिसांच्या कमरेला असलेलं .३८ स्पेशल घेतलं आणि त्याची पितळी पुंगळी साडेतीन मिलिमीटरने लांबवली, बस्स.

हे साडेतीन मिलिमीटर जास्त दारू मावावी म्हणूनही नव्हते. नव्या धूरविरहित दारूला तेवढी जागा लागतच नव्हती. भीती वेगळी होती. नवं काडतूस कुणी जुन्या, नाजूक .३८ मध्ये घातलं, तर सिलिंडरच्या चिंधड्या उडतील. पुंगळी लांब केल्याने नवं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुरतं बसेना आणि सिलिंडर मिटेना. मॅग्नमच्या इतिहासातला हा पहिला आकडा ताकदीचा नसून सावधगिरीचा आहे. पुढे येणारे सगळे अजस्र आकडे असल्याच एखाद्या बारीकशा आकड्याने सांभाळलेले दिसतात.

आता ते अजस्र आकडे. आजच्या अमेरिकी मानकाप्रमाणे .३८ स्पेशलमध्ये कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड. .३५७ मॅग्नममध्ये ३५,००० पौंड. म्हणजे सुमारे २,४०० वातावरणं. पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा म्हणजे पॅसिफिकमधली मारियाना गर्ता. तिच्या तळाशी, जवळपास अकरा किलोमीटर पाण्याखाली, जेवढा दाब असतो त्याच्या दुपटीहून जास्त दाब इथे करंगळीएवढ्या पोकळीत तयार होतो, आणि ती पोकळी माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते.

गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ चौरस इंचाचा जेमतेम दहावा भाग. त्यावर ३५,००० पौंडांचा दाब म्हणजे ३,५०० पौंडांचा, सुमारे दीड टनाचा रेटा. तो ज्या गोळीला बसतो तिचं वजन १५८ ग्रेन, म्हणजे दहा ग्रॅमच्या थोडं वर. दीड टनाने दहा ग्रॅमला ढकललं की जे व्हायचं तेच होतं. १९३५ च्या जाहिरातीतला वेग पावणेनऊ इंची नळीतून सेकंदाला १,५१५ फूट, म्हणजे ४६२ मीटर होता. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. नळीतला सगळा प्रवास साधारण एक हजारांश सेकंदात आटोपतो, आणि तेवढ्यात गोळीला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी जवळपास ५०,००० पट त्वरण मिळतं. .३८ स्पेशलच्या तशाच गोळीशी तुलना केली तर ऊर्जा जवळपास तिप्पट.

नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांचा हिशेब त्याहून चक्रावणारा आहे. स्मिथ अँड वेसनच्या .३५७ मध्ये हा पीळ पावणेएकोणीस इंचांना एक फेरा असा असतो. नळी पावणेनऊ इंचांची. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा अर्धा फेराही पुरा होत नाही. आणि तरी बाहेर पडताना ती स्वतःभोवती फिरत असते मिनिटाला ५८,००० फेऱ्यांच्या वेगाने. आकडा खोटा वाटतो, पण गणित सरळ आहे: सेकंदाला १,५१५ फूट म्हणजे १८,१८० इंच, त्याला १८.७५ ने भागा, आणि साठने गुणा.

एवढा दाब जसा गोळीला पुढे ढकलतो तसाच पोलादाला मागे आणि चहूबाजूंना ढकलतो. रिव्हॉल्व्हरची खरी कसोटी इथे लागते, कारण त्याच्या शरीरातच एक मोठी उणीव आहे. पिस्तुलाची किंवा रायफलची नळी मागून बंद असते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरायला हवा, म्हणून सिलिंडर आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते. चांगल्या मॅग्नममध्ये ही फट ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. त्यापेक्षा कमी ठेवली तर जळलेल्या दारूची काजळी साचून सिलिंडर अडतो. जास्त ठेवली तर वायू बाजूने निसटतो आणि ताकद वाया जाते. त्या फटीतून निघणारा जाळ इतका तिखट असतो की वर्षानुवर्षं वापरलेल्या मॅग्नमच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, बरोबर फटीच्या वर, पोलादात एक बारीक चर पडलेला दिसतो.

म्हणूनच जुनं मॅग्नम हातात आलं की जाणकार आधी ते रिकामं आहे याची खात्री करतो आणि मग खिशातून काढतो ते फिलर गेज, गॅरेजमधले मेकॅनिक वापरतात तसंच. पोलादी पात्यांचा तो छोटा पंखा उघडून एकेक पातं फटीत सरकवून बघायचं. ०.१५ चं जातं, ०.२० चं अडतं, छान. मग सिलिंडर अंगठ्याने पुढेमागे हलवून खेळ बघायचा. मग चाप हळूहळू ओढत, घोडा चढत असताना, सिलिंडरमधला काडतुसाचा प्रत्येक कप्पा नळीसमोर येऊन ‘खट्’ करून बसतो का ते ऐकायचं. सहा कप्पे, दर वेळी ६० अंशांची फिरकी. एका अंशाची चूक झाली तरी कप्पा नळीपासून पाव मिलिमीटरच्या आसपास सरकतो आणि गोळी कडेवर घासून शिशाचे तुकडे उडू लागतात. दीड टनाचा रेटा नीट वागतो की नाही, ते या दशांश मिलिमीटरांवर ठरतं.

हा धडा एल्मर कीथला फार आधी मिळाला होता. आयडाहोचा हा गुराखी आणि बंदुकांवर लिहिणारा हरहुन्नरी माणूस. १९२५ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने आनंदाने बार काढले आणि जादा दारू भरलेल्या काडतुसाने त्याच्या .४५ कोल्टचा सिलिंडर फुटला. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष सगळा बारकाव्यांचा होता: .४५ च्या काडतुसाचा व्यास .४४ पेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, तेवढंच कप्प्यांमधलं पोलाद पातळ. त्याने .४५ सोडलं, .४४ धरलं, आणि पुढची तीस वर्षं लेखांमधून कारखान्यांच्या मागे लागून राहिला. शेवटी रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर बनवलं. १९५५ संपता संपता .४४ मॅग्नम तयार झालं. पुढे ते ‘मॉडेल २९’ म्हणून ओळखलं गेलं. साडेपंधरा ग्रॅमची गोळी, १,४०० ज्यूलच्या घरातली ऊर्जा. बार उडाला की सव्वा किलोहून जड असलेलं पोलाद ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने हातात मागे येतं. पहिल्या काडतुसानंतर रिव्हॉल्व्हर विकायला काढणारे हौशी त्या काळात कमी नव्हते. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुडने ‘डर्टी हॅरी’मध्ये ते पडद्यावर आणलं आणि त्याच रिव्हॉल्व्हरसाठी दुकानांत छापील किमतीच्या वर पैसे मोजले जाऊ लागले.

किमतींचाच विषय निघाला तर तो सोन्यात मोजलेला बरा. १९३४ पासून अमेरिकेत सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. महामंदीच्या ऐन काळात .३५७ मॅग्नमची किंमत ठेवली होती ६० डॉलर. म्हणजे ५३ ग्रॅम सोनं, जुन्या मापाने साडेचार तोळ्यांच्या वर. १९५५ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यातून आलेल्या ‘पायथन’ या रिव्हॉल्व्हरची किंमत १२५ डॉलर, ती १११ ग्रॅम. मॉडेल २९ ची १४० डॉलर, म्हणजे बरोबर चार औंस. पहिल्या मॅग्नमला साठ डॉलरला गिऱ्हाईक मिळणार नाही असा स्प्रिंगफील्डमध्येही अनेकांचा अंदाज होता. तो पहिल्याच वर्षी खोटा ठरला आणि कारखान्याला मागणी पुरवताना धाप लागली.

कारण ते साठ डॉलर एका छापाच्या मालाचे नव्हते. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या पायऱ्यांनी, गिऱ्हाइकाला हवी तेवढी. साइट त्याच्या पसंतीची, मूठ त्याच्या पसंतीची. वरच्या पट्टीवर उन्हाची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून बारीक चौकड्यांचं कोरीवकाम. सोबत एक कार्ड यायचं. ते भरून कारखान्याकडे पाठवलं की मालकाच्या नावाचं प्रमाणपत्र घरी. म्हणून या पहिल्या पिढीला ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ म्हणतात. पहिलं प्रमाणपत्र एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याचं. अमेरिकी सैन्यातल्या जनरल पॅटनकडे होतं ते साडेतीन इंची नळीचं, हस्तिदंती मुठीचं.

सुमारे साडेपाच हजार नगांनंतर १९३९ च्या सुमारास ही नोंदणी थांबली. साडेपाच हजार हा आकडा मोठा वाटतो, पण नळीच्या लांबींमध्ये समान वाटला तर एकेका लांबीच्या वाट्याला अडीचशेच येतात. त्यात साइटचे प्रकार, निळा की निकेल हा फरक, मुठींचे प्रकार धरले की हजारोंचा ढीग झरझर एक-दोन नगांपर्यंत येऊन ठेपतो. संग्राहकाच्या दृष्टीने प्रत्येक नग स्वतंत्र जात. खरं-खोटं ओळखायला तो सिलिंडर बाजूला काढतो आणि चौकटीच्या खाचेत डोकावतो: तिथे ‘आरईजी’ अशी तीन रोमन अक्षरं आणि पुढे नोंदणी क्रमांक ठोकलेला असला तर जीव भांड्यात पडतो. नंतरच्या पिढ्यांतही हीच नजर चालते. नळी चौकटीत एका छोट्या आडव्या पिनने पक्की केलेली आहे का? काडतुसाची कड बुडावी म्हणून कप्प्यांच्या तोंडाशी खाच आहे का? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खर्च वाचवायला ही दोन्ही कामं बंद झाली. तेव्हापासून ती पिन आणि ती खाच असलेल्या नगाला वेगळाच भाव.

ताकदीचं म्हणाल तर ती शर्यत थांबली नाही. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसननेच .५०० मॅग्नम काढलं: वजन दोन किलोच्या वर, कप्पे फक्त पाच, दाब ६०,००० पौंडांपर्यंत, आणि ऊर्जा ४,००० ज्यूलच्या घरात, पहिल्या मॅग्नमच्या जवळपास चौपट. वजनाने आपण पुन्हा वॉकरच्या पंगतीला येऊन बसलो. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या अंदाजाप्रमाणे २०१७ अखेर अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर शंभर माणसांमागे १२०. या महापुरातल्या बहुतेकींना संग्राहक ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडे शस्त्र कायद्याने २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा भारतातल्या हौशी माणसाचा संग्रह हा पुस्तकांचा आणि माहितीचाच.

पायथनची गोष्ट मात्र सगळ्या आकड्यांना कोड्यात टाकते. पहिला पायथन हातांनी जुळवला जाई, आणि आरशासारखी निळी झळाळी येईपर्यंत घासला जाई. मजुरी परवडेना म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्टने त्याचं नेहमीचं उत्पादन बंद केलं. २०२० मध्ये तो १,४९९ डॉलरला परत आला: संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर बनलेला, मागच्या साइटखाली ३० टक्के जास्त पोलाद असलेला. कागदावर नवा जुन्याहून दणकट. बाजारात चांगल्या अवस्थेतला जुना नव्यापेक्षा बराच महाग. आणि वॉकर? १०० बाजारी नगांपैकी एक २०१८ मध्ये लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेला. आज तो झाडायची कुणाची छाती होणार नाही.

सराफाकडे दागिना मोडायला नेला की तो सोन्याचा भाव देतो आणि घडणावळ आपल्या अंगावर पडते. जुन्या मॅग्नमचा व्यवहार नेमका उलट. त्यातलं पोलाद मोडीच्या भावाचं. ज्या हातांनी फट ०.१५ वर आणली, कप्पा नळीसमोर नेमका बसवला, वरच्या पट्टीवर चौकड्या कोरल्या, त्या हातांची घडणावळ तेवढी वर्षागणिक वाढत गेली. ताकद आज कुठल्याही दुकानात, कितीही मिळते. संग्राहक घडणावळीचे पैसे मोजतो.