जोडव्यांपासून गळ्यापर्यंतची वाट

गर्भाशय ओटीपोटात, ऑपरेशनही ओटीपोटात. मग पाऊल का सुजतं? गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या काही बायकांना काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, संध्याकाळी जोडवी रुतायला लागतात. चपलेचा पट्टा सैल करावा लागतो. जीव वाचला तेच खूप, आता पायाचं काय सांगत बसायचं, म्हणून त्या घरातही बोलत नाहीत.

उत्तर शोधायला निघालं की शरीरातली एक विलक्षण वाट सापडते. रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून फिरताना त्यातलं थोडं पाणी आणि प्रथिनं बाहेर पाझरतात. दिवसाकाठी असं काही लिटर पाणी पेशींच्या आजूबाजूला उतरतं. ते परत रक्तात न्यायला वेगळ्या नळ्या आहेत, लसीकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्या स्वतः हलकेच आकुंचन पावतात, आतल्या झडपा पाणी मागे जाऊ देत नाहीत, पोटरीचा स्नायू दाबला गेला की पाणी वर चढतं आणि खोल श्वासाबरोबर छातीकडे ओढलं जातं. पायाच्या बोटापासून निघालेलं पाणी जांघेतून ओटीपोटात येतं, पाठीच्या कण्यालगत वर जातं आणि गळ्याशी डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे, शिरेत मिसळतं. आपल्या प्रत्येकाच्या अंगात हा प्रवास या क्षणी चालू आहे आणि त्याचा आवाजसुद्धा येत नाही.

या वाटेवरची मोठी ठाणी म्हणजे लसीकाग्रंथी. ओटीपोटातल्या ग्रंथी गर्भाशयाचंही पाणी घेतात आणि पायांचंही. कर्करोग पसरलाय का हे पाहायला सर्जन याच ग्रंथी काढतो. रेडिएशन दिलं तर उरलेल्या वाटा आखडतात. प्रवरेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही: पुढची चारी बुजली की पाणी मागच्या वावरात उभं राहतं.

अलीकडे यावर सुंदर तोड निघाली आहे. गर्भाशयाच्या मुखाशी हिरवा रंग टोचतात, अवरक्त प्रकाशात तो चमकतो आणि पाणी सर्वांत आधी कोणत्या ग्रंथीत पोहोचतं ते कॅमेऱ्यावर दिसतं. मग तेवढ्याच ग्रंथी काढून तपासता येतात. निवडक रुग्णांत हे चालतं, आणि त्यांच्या पायांना सूज येण्याचा धोका बराच कमी होतो.

आयुष्याच्या प्रतीचा विचार या आजारात इतका महत्त्वाचा का? कारण हा आजार बहुधा स्वतःच वर्दी देतो. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, की बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचू शकते. रोग गर्भाशयापुरता असताना उपचार झाले, तर 100 पैकी 90 हून जास्त बायका पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. पुढे वीस-पंचवीस वर्षं जगायची आहेत. ती कशी जगायची, हा प्रश्न म्हणूनच मोठा.

ही प्रत मोजताही येते, आणि मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. युरोपातल्या कर्करोग संशोधकांनी 1993 मध्ये 30 प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली. तिचं मराठी रूपही आहे. या आजारासाठी तिला आणखी 24 प्रश्नांची पुरवणी जोडली गेली: पाय जड वाटतात का, लघवी रोखून धरता येते का, योनीमार्ग कोरडा पडलाय का, संबंधांच्या वेळी दुखतं का. सोबत सून किंवा नवरा उभा असताना ओपीडीत जे तोंडातून निघणार नाही, ते कागद विचारतो. बाईने फक्त मुळीच नाही, थोडं, बरंच की खूप, यावर खूण करायची.

अशा खुणांनी उपचार बदलले आहेत. नेदरलँड्समध्ये 427 बायकांवर पोर्टेक-2 नावाची चाचणी झाली. निम्म्यांना बाहेरून सगळ्या ओटीपोटाला रेडिएशन, निम्म्यांना फक्त योनीमार्गात आतून. 2010 मध्ये निकाल आला: योनीमार्गात रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे 100 मागे दोनपेक्षा कमी, पण आतून उपचार घेतलेल्यांना जुलाबाचा त्रास कितीतरी कमी आणि रोजचं जगणं सुकर. संडासच्या धास्तीने घराबाहेर न पडणाऱ्या बायकांनी प्रामाणिकपणे खुणा केल्या, म्हणून त्यांच्यामागून आलेल्या अनेकजणींचा तो त्रास टळला.

त्या प्रश्नावलीत जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का, असा प्रश्न आहे. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड करणाऱ्या बाईसाठी ती सुटकेस म्हणजे डोक्यावरची उसाची मोळी. तिच्या पायाचा धोकाही वेगळा. उसाची पात कापते, टाचांना भेगा असतात, आणि पाणी तुंबलेल्या पायात जंतू शिरले की ते झपाट्याने पसरतात. तिला पावलं रोज धुऊन कोरडी करणं, भेगांना तेल-मलम आणि पायात बंद बूट हाच निम्मा उपचार आहे. उरलेला निम्मा म्हणजे मापाचे दाबमोजे, पोटरीचे व्यायाम आणि पोटातून घेतलेले सावकाश खोल श्वास. लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडण्याचा व्यायाम. अमेरिकी डॉक्टर अरनॉल्ड केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला आणि आजही पहिला इलाज तोच आहे.

हे शिकवणारी माणसं अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. लोणीला प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. आणि जामखेडला तर 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. अशा आरोग्यसेविकेच्या हाती शिंप्याची टेप द्यावी, असं मला मनापासून वाटतं. घोट्यापासून ठरावीक अंतरांवर दोन्ही पायांचा घेर मोजायचा, वहीत लिहायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी मोजायचा. एका बाजूचा आकडा वाढू लागला की सूज डोळ्यांना दिसण्याआधीच कळते, आणि त्या टप्प्यावर ती आटोक्यात ठेवणं सर्वांत सोपं असतं.

अमेरिकेतल्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली: या बायकांचे मृत्यू गर्भाशयाच्या कर्करोगापेक्षा हृदयविकाराने जास्त होतात. पाळी गेल्यावर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते आणि त्याने अस्तर वाढतं. तेच वजन आणि त्यासोबतचा मधुमेह, रक्तदाब पुढे हृदयाला गाठतात. रोजचं चालणं म्हणजे पोटरीतल्या पाण्याचाही उपाय आणि हृदयाचाही.

ऑपरेशन झालं असेल तर घरातलं डिस्चार्ज कार्ड काढून तीन गोष्टी वाचून घ्या: ग्रंथी काढल्या का, बीजांडकोश काढले का, रेडिएशन बाहेरून होतं की आतून. घामाचे झटके आणि हाडांची ठिसूळता बीजांडकोशांशी जोडलेली, पायाची सूज ग्रंथींशी, जुलाब रेडिएशनशी. नवी सूज डॉक्टरांना दाखवायचीच. एकच पाय अचानक सुजला, लाल-गरम झाला किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जंतुसंसर्ग किंवा शिरेतली रक्ताची गाठ, दोन्हींवर औषध आहे, पण ते वेळेत मिळावं लागतं.