आंत्रपुच्छाचा कर्करोग : अहवाल वाचल्याविना फाईल बंद करू नका

मोठ्या आतड्याच्या आरंभी, पोटाच्या उजव्या बाजूस खाली, करंगळीएवढी एक बंद नळी असते. तिला आंत्रपुच्छ अर्थात अपेंडिक्स म्हणतात. तिला सूज आली की शस्त्रक्रिया होते, काही दिवसांत रुग्ण घरी परततो आणि सारे विसरून जातो. एक कागद मात्र कधी कधी रुग्णालयातच पडून राहतो. तो म्हणजे काढलेल्या आंत्रपुच्छाच्या बायॉप्सीचा अहवाल.

आंत्रपुच्छाचा कर्करोग अत्यंत दुर्मिळ आहे. त्याच्या निदानासाठी सर्वांनी नियमितपणे करावी अशी कोणतीही चाचणी उपलब्ध नाही. सुरुवातीस लक्षणे बहुधा नसतात, असल्यास ती साध्या सुजेसारखीच भासतात. 'रोमन हॉलिडे'ची नायिका ऑड्री हेपबर्न हिच्या पोटदुखीचे कारण १९९२ मध्ये प्राथमिक तपासण्यांत स्पष्ट झाले नाही. दुर्बिणीद्वारे पोटाची तपासणी केल्यावर कर्करोग उघड झाला, तेव्हा तो आंत्रपुच्छातून पोटात पसरला होता. २० जानेवारी १९९३ रोजी तिचे निधन झाले.

सोनोग्राफी व सीटी स्कॅनमध्ये फुगलेले आंत्रपुच्छ, गाठ किंवा पोटात साचलेला चिकट द्रव दिसू शकतो. कोलोनोस्कोपीने मोठे आतडे तपासले जाते; परंतु आंत्रपुच्छाचा अंतर्भाग तिला सहसा दिसत नाही. सीईए, सीए १९-९ व सीए १२५ या रक्तचाचण्या उपचारांचा मागोवा घेण्यास साहाय्यभूत ठरतात; केवळ त्यांच्यावरून निदान करता येत नाही. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचाच असतो.

म्हणूनच अनेक रुग्णांत हा रोग साध्या सुजेसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच ध्यानी येतो. न्यूरोएंडोक्राइन प्रकारची गाठ १ सेंटीमीटरहून लहान असेल, तर आंत्रपुच्छ काढणे हाच बहुधा पुरेसा उपचार ठरतो. ती २ सेंटीमीटरहून मोठी असल्यास आतड्याचा काही भाग काढण्याचा विचार करावा लागतो. हे सारे त्या एका अहवालावरूनच ठरते.

आपण खातेपुस्तकातील प्रत्येक नोंद पडताळून पाहतो. तीच दक्षता येथेही हवी. घरात कोणाची ही शस्त्रक्रिया झाली असल्यास अहवाल मागून घ्यावा, तो शल्यचिकित्सकांना दाखवावा, त्याचा अर्थ समजून घ्यावा आणि मगच तो जपून ठेवावा. बहुतेक वेळा त्यात केवळ सुजेचीच नोंद असेल. पण तेवढी खात्री करून घेण्यातच शहाणपण आहे.