गिनीपिगाची खरूज

झाशीच्या जुन्या तटबंदीतील लक्ष्मी गेटनजीक एखाद्या घरी मुलांनी गिनीपिग पाळला आहे, अशी कल्पना करावी. काही दिवसांनी तो सारखा अंग खाजवू लागतो. पाठीवरचे केस झडतात आणि कातडीवर खपल्या धरतात. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्याची झळ लागली असावी, असे घरच्यांना वाटते. परंतु या व्याधीचे मूळ उन्हात किंवा धुळीत नसून, बहुधा ते त्या प्राण्याच्या अंगावरूनच घरात आलेले असते.

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील प्राणी. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला व पुढे जगभर पसरला. त्याच्या केसांतील उवा नीट पाहिल्यास नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खरजेचा किडा मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतो. आठ पायांचा हा जीव कोळ्यांच्या वर्गातील असून त्याचे शास्त्रीय नाव ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिई असे आहे. १९७२ साली इंग्लंडमधील गिनीपिगांवरून त्याचे प्रथम वर्णन झाले. मादी कातडीत बोगदे कोरून त्यांत अंडी घालते. खाज इतकी तीव्र होते की प्राण्याला झटके येतात आणि उपचार न झाल्यास तो दगावूही शकतो.

सशक्त प्राणी हे किडे कोणतेही लक्षण न दाखविता बाळगू शकतो. अशक्तपणा, गर्भारपण किंवा निकृष्ट आहार यांमुळे रोग उफाळून येतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. म्हणून त्याला ताजा हिरवा पाला रोज मिळाला पाहिजे.

उपचारासाठी पशुवैद्य बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून लाभलेल्या या औषधवर्गाच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. हे औषध अंड्यांचा नाश करीत नाही. त्यामुळे अंड्यांतून बाहेर पडलेले किडे मारण्यासाठी ते ठराविक दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यानेच द्यावी. रॉकेल किंवा कुत्र्यांसाठीची भुकटी लावू नये. प्राणी अंग चाटतो आणि विष पोटात जाते.

एकत्र राहणाऱ्या सर्व गिनीपिगांवर एकाच वेळी उपचार करावेत व पिंजऱ्यातील गवत बदलावे. नवा प्राणी आणल्यास काही आठवडे वेगळा ठेवावा. हाताळणाऱ्याच्या हातावर पुरळ उठल्यास घाबरू नये. हा किडा माणसाच्या कातडीवर फार काळ टिकत नाही. मुक्या प्राण्याचे खाजवणे हीच त्याची तक्रार होय. ती वेळीच ओळखल्यास त्याचे प्राण वाचतात.