घराचा दूरध्वनी राखावा का?

प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यानंतर तारेच्या फोनचे करायचे काय, हा वरकरणी घरगुती प्रश्न. पण त्याचे उत्तर केवळ मासिक बिलाच्या आधारे देता येणार नाही.

बंगळूरुच्या मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर यांसारख्या जुन्या वसाहतींत सध्या अनेक घरांमध्ये एक चर्चा पुन:पुन्हा होते. घरात दोन वृद्ध माणसे, दोघांकडे मोबाइल, मुले परदेशी किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दिवाणखान्यातला तारेचा फोन दिवसाकाठी एखादे वेळी वाजतो, आणि तोही बहुधा कर्ज देऊ करणाऱ्या अनोळखी व्यक्तीचा असतो. महिन्याचे भाडे मात्र चुकत नाही. मुलगा म्हणतो, ‘बंद करून टाका.’ वडील ‘बघू’ म्हणतात आणि विषय पुढल्या बिलापर्यंत लांबणीवर पडतो. आमच्याही घरी ही चर्चा झाली आहे. कोणत्याही प्रस्तावावर शेरा मारण्यापूर्वी फाइलची मागची पाने वाचावीत, अशी प्रशासनात शिकवण असते. या प्रस्तावाचीही मागची पाने वाचण्याजोगी आहेत.

भारतात दूरध्वनी केंद्रे सुरू झाली ती जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे. ग्रॅहम बेल यांना पेटंट मिळून तेव्हा सहा वर्षे झाली होती. आरंभ असा लवकर झाला खरा, पण वाढ अत्यंत संथ राहिली. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशातील जोडण्यांची संख्या एक लाखालाही पोहोचली नव्हती. १९४८ मध्ये बंगळूरु येथे ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. कृष्णराजपुरम परिसरातील त्याच्या वसाहतीला ‘दूरवाणीनगर’ हे नाव मिळाले, ते आजही कायम आहे. देशभरच्या सरकारी कचेऱ्यांत आणि मध्यमवर्गीय घरांत दिसणारे, चकती फिरवून क्रमांक लावण्याचे ते जड काळे यंत्र एकेकाळी याच कारखान्याची ओळख होते. आज समाजमाध्यमांची आणि स्टार्टअपची राजधानी म्हणून मिरवणारे हे शहर त्याआधी तारेच्या फोनची राजधानी होते, हे नव्या पिढीला सहसा ठाऊक नसते.

मागणी आणि पुरवठा यांतील अंतर मात्र दशकानुदशके तसेच राहिले. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाच्या जीवनक्रमाचा भाग होता. ‘दूरध्वनी ही चैन आहे, हक्क नव्हे’ अशा आशयाचे दूरसंचारमंत्री सी. एम. स्टीफन यांचे १९८० च्या दशकारंभीचे विधान आजही अनेकदा उद्धृत केले जाते. मराठी वाचकांना त्या काळातील ‘पी.पी. नंबर’ आठवत असेल. लग्नपत्रिकेवर, भेटकार्डावर शेजाऱ्याचा क्रमांक छापला जाई आणि पुढे कंसात ती दोन अक्षरे असत. एक फोन संपूर्ण वाड्याचा किंवा चाळीचा असे. निरोप सांगायला कुणाचे तरी मूल धावत जाई. दूरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे, आणि प्रसंग फारच निकडीचा असेल तर कित्येक पट दर मोजून ‘लाइटनिंग कॉल’ लावावा लागे.

या स्थितीला पहिला मोठा धक्का दिला तो ‘सी-डॉट’ने. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने भारतीय हवामानात, वातानुकूलनाशिवाय आणि धुळीतही चालेल असे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण दूरध्वनी केंद्र विकसित केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये कार्यान्वित झाले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. राणी चन्नम्माच्या गावाला इतिहासात असे दुसरेही एक स्थान आहे. त्यापाठोपाठ पिवळ्या अक्षरांतील ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’च्या टपऱ्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या. त्यांच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य होते. फोन घरी असण्याऐवजी घराजवळ असला तरी चालेल, हा तो विचार होता आणि त्याने देशाचे संभाषण बदलून टाकले.

पुढचा इतिहास परिचयाचा आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलसाठी पैसे मोजण्याची पद्धत संपली आणि मोबाइल सर्वसामान्यांच्या खिशात आला. एकेकाळी चार कोटींच्या पुढे गेलेल्या तारेच्या जोडण्या मार्च २०२० पर्यंत सुमारे दोन कोटींवर घसरल्या. त्याच सुमारास भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, म्हणजे निम्म्याहून अधिक मनुष्यबळ एका फटक्यात कमी झाले. खांबावर चढणारा, जमिनीखालच्या केबलचा प्रत्येक सांधा ओळखणारा लाइनमन बहुतेक ठिकाणी तेव्हाच गेला. तारेचा फोन नादुरुस्त झाला की आठवडेच्या आठवडे मुका राहतो, या तक्रारीचे मूळ बरेचसे तिथे आहे.

इथपर्यंतची कथा ऱ्हासाची आहे. पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीत त्यानंतर एक अनपेक्षित वळण दिसते. मार्च २०२५ अखेर तारेच्या जोडण्या पुन्हा सुमारे ३ कोटी ७० लाखांवर पोहोचल्या. मोबाइलच्या ११६ कोटी जोडण्यांपुढे ही संख्या किरकोळ असली तरी दिशा उलटी फिरली आहे, हे निश्चित. कारण उघड आहे. घरोघरी इंटरनेटसाठी काचतंतू, म्हणजे फायबर, आला आणि त्याबरोबर दूरध्वनीची सोय जवळजवळ फुकट मिळू लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओने या क्षेत्रात भारत संचार निगमला मागे टाकले, तेही याच वाटेने. भारत संचार निगमही आपल्या जुन्या ग्राहकांना तांब्याकडून फायबरकडे वळवत आहे.

घरातल्या चर्चेत नेमकी इथे गल्लत होते. तांब्याच्या तारेचा फोन आणि फायबरवरचा फोन यांना आपण एकाच नावाने ओळखतो, पण आणीबाणीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा प्रवाह त्या साध्या यंत्राला पुरतो. घरात, गल्लीत, संपूर्ण प्रभागात वीज नसली तरी केंद्राच्या बॅटऱ्या आणि जनरेटर चालू असेपर्यंत तो फोन वाजतो. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे फायबरच्या टोकाला घरात बसवलेली पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की पेटी बंद आणि फोनही बंद, मग तो कितीही जुन्या धाटणीचा दिसो. मोबाइलच्या मनोऱ्यांनाही बॅटरी आणि डिझेलचा आधार असतो, पण तो काही तासांचा. शिवाय संकटकाळी सगळेच एकदम फोन लावू लागल्याने जाळे कोंडते ते वेगळेच.

तांब्याच्या तारेविषयी भाबडा समज मात्र बाळगू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मोबाइलबरोबर महानगर टेलिफोन निगमचे लाखो दूरध्वनीही कित्येक तास बंद पडले होते. पाण्याखाली गेलेल्या केबलला आणि केंद्राला इतिहासाचे कौतुक नसते. जमिनीखालची तार पुराला घाबरते, मनोरा वादळाला घाबरतो. म्हणूनच शहाणपण कोणत्या एका साधनावर विसंबण्यात नाही. ज्यांची मर्मस्थाने भिन्न आहेत अशी दोन साधने जवळ ठेवण्यात आहे.

याचा दुसरा दाखला काश्मीरचा. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील दळणवळणाची सर्व साधने बंद करण्यात आली. त्या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण ती साधने पुन्हा सुरू झाली त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. तारेचे फोन ऑगस्टच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने आणि सप्टेंबरच्या आरंभी बव्हंशी सुरू झाले. पोस्टपेड मोबाइल १४ ऑक्टोबरला सुरू झाले. मधल्या आठवड्यांत, ज्या घरांनी अडगळ म्हणून तारेचा फोन कधीच काढून टाकला होता, त्यांना बाहेरगावच्या मुलांशी दोन शब्द बोलण्यासाठी फोन असलेल्या शेजाऱ्याचे दार ठोठावावे लागले. पी.पी. नंबर एका रात्रीत परत आला होता.

बंगळूरुच्या वृद्धांसमोरचे संकट इतके मोठे नसते, पण ते रोजचे असते. या शहरात पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी मिळून वृद्धांसाठी १०९० ही मदतवाहिनी चालवली आहे. राष्ट्रीय पातळीवर १४५६७ आहे आणि कोणत्याही तातडीसाठी ११२. या सगळ्यांचा पाया एकच, की फोन लावता आला पाहिजे. रात्री अडीच वाजता छातीत कळ आली असताना चष्मा शोधणे, मोबाइल शोधणे, तो चार्ज आहे का पाहणे, पडद्याचे कुलूप उघडणे, हे सगळे पार पाडून मग क्रमांक लावायचा. भिंतीशी नेहमीच्या जागी असलेल्या यंत्राचा चोंगा उचलून तीन आकडे दाबणे यापेक्षा सोपे असते, आणि ते मोलकरीण, नातू किंवा शेजारी कुणालाही करता येते. तारेच्या फोनचा क्रमांक माणसाशी बांधलेला नसतो, पत्त्याशी बांधलेला असतो. भांबावलेल्या माणसाला पत्ता सांगता आला नाही तरी तो क्रमांक सांगतो.

विरुद्ध बाजूही रास्त आहे. बँकेचा ओटीपी तारेच्या फोनवर येत नाही, बाहेर पडल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणारे यंत्र नसेल तर फसवणूक करणाऱ्यांना तो सोयीचाच. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुटणाऱ्या टोळ्यांच्या काळात हा मुद्दा हलका नाही. शिवाय जो फोन महिन्यातून दहा दिवस मुका असतो, तो आणीबाणीत वाजेल या भरवशावर राहणे हा स्वत:चीच फसवणूक करण्याचा प्रकार आहे.

इतर देशांनी हा प्रश्न घरोघरच्या मर्जीवर सोडलेला नाही. ब्रिटनमध्ये जुने तांब्याचे जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचे होते. पण तेथे सुमारे १८ लाख वृद्ध आणि आजारी लोक गळ्यातील बटण दाबून मदत मागण्याच्या यंत्रणेवर अवलंबून आहेत आणि त्यातील अनेक यंत्रे जुन्या तारेवर चालतात. बदलाच्या काळात काहींची यंत्रे ऐन वेळी चालली नाहीत, तेव्हा सक्तीचे स्थलांतर थांबवण्यात आले आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. वीज गेली तरी किमान एक तास तातडीचा फोन लावता यावा, अशी सोय गरजू ग्राहकांना देण्याची अपेक्षा तेथील नियामक कंपन्यांकडून करतो. अमेरिकेच्या नियामकाने २०१५ मध्येच ग्राहकाला आठ तासांच्या आणि पुढे २४ तासांच्या बॅटरीचा पर्याय देणे कंपन्यांना बंधनकारक केले.

आपल्याकडे नियामकाने २०२४ च्या सेवादर्जा नियमांत चांगले पाऊल टाकले. एखाद्या जिल्ह्यात जाळे २४ तासांहून अधिक काळ बंद राहिले, तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. पण हे मोजमाप जिल्ह्याचे आहे. एका घरातील वीज गेली आणि तेवढ्याने फायबरचा फोन मुका झाला, तर ते कोणत्याही नोंदीत येत नाही. दूरसंचार कायदा २०२३ ने १८८५ च्या तार कायद्याची जागा घेतली आणि सार्वत्रिक सेवा निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नवे नाव दिले. ज्या निधीने कधीकाळी खेड्यांतील सार्वजनिक फोनला हात दिला, त्याच्या आधारे तीन साधी कामे करता येतील. एक, फायबरची जोडणी देताना वीज गेल्यास फोन बंद पडेल हे ग्राहकाला त्याच्या भाषेत लेखी सांगणे. दोन, एकाकी वृद्ध आणि अपंग यांच्या घरातील पेटीसाठी छोटी बॅटरी सवलतीत देणे. तीन, तांब्याची तार कायमची काढण्यापूर्वी पुरेशी मुदत देणे आणि पर्याय प्रत्यक्ष चालतो याची खातरजमा करणे. यातील एकाही कामाला नव्या खात्याची किंवा मोठ्या खर्चाची गरज नाही.

तोवर निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे, आणि त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. एखाद्या संध्याकाळी घरातील मुख्य बटण बंद करावे, इन्व्हर्टरही बंद करावा आणि मोबाइलवरून घरचा क्रमांक लावून पाहावा. वाजला आणि घरात वृद्ध, आजारी किंवा एकटे राहणारे कुणी असेल, तर भाडे हा विम्याचा हप्ता समजून तो फोन ठेवावा. वाजला नाही, तर तो फोन अंधारात उपयोगाचा नाही हे जाणून फायबरच्या पेटीला बॅटरी जोडावी किंवा दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला बटणांचा साधा मोबाइल चार्ज करून पलंगाजवळ ठेवावा. तरुण, धडधाकट माणसांच्या घरी, जिथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल आहेत, तिथे तारेचा फोन काढून टाकण्यात काहीच गैर नाही. आमच्या घरचा फोन या कसोटीवर वाजला, म्हणून तो राहिला. शेजारच्या दोन घरांनी त्याचा क्रमांक आपल्या मुलांना कळवून ठेवला आहे.